डिजिटल स्कायचा नकाशा गोव्यात: आडवा पास, उभा नापास

गोव्यात ड्रोन उडवायचा तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. नकाशा फुकट आहे, २४ सप्टेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उड्डाणाआधी डिजिटल स्कायवर काही निर्बंध लागू आहेत का हे तपासणं सक्तीचं आहे. तेव्हा वापरावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. किती विसंबायचं, एवढंच ठरवायचं. थोडक्यात मत असं: कुठे उडवू नये हे तो नीट सांगतो, किती उंच उडवू नये हे समजून घ्यायला मात्र स्वतः गणित करावं लागतं. गोव्यात न कळत नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्याचा धोका आडव्यापेक्षा उभ्या दिशेनं जास्त आहे.

चार आसनी विमान घेऊन निघालेला खाजगी वैमानिक चुकीच्या दिशेनं वळला तर त्याला अडवणारी बरीच दारं असतात. फ्लाइट प्लॅन दिलेला असतो, हवाई संरक्षणाची परवानगी घेतलेली असते, रेडिओवर एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, असते, ट्रान्सपॉन्डरमुळे रडारवर ठिपका दिसत असतो. ड्रोनवाल्याच्या कानाशी यातलं कोणीच नसतं. हद्द ओलांडली तरी स्क्रीनवर सूर्यास्त तसाच छान दिसत राहतो. म्हणून या एका नकाशावर सगळा भार येतो आणि त्याचं परीक्षणही त्याच कडकपणे व्हायला हवं.

आधी रंग. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. पिवळा म्हणजे नियंत्रित क्षेत्र, तिथे संबंधित एटीसीची परवानगी लागते. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. इथवर सगळ्यांना पाठ असतं. घोळ पुढे आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा फक्त २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत. त्याच्या वर पिवळा. ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच पिवळा. आणि एरवीच्या हिरव्या भागातही १२० मीटरच्या वर पिवळाच. म्हणजे ८ किलोमीटरच्या बाहेर पिवळा रंग हा जमिनीवरचा डाग नाही, तो डोक्यावरचं छत आहे, आणि ते कुठे ६० मीटरवर तर कुठे १२० मीटरवर टांगलेलं आहे. सपाट नकाशावर छत दाखवणं मुळातच अवघड. त्यामुळे पट्ट्यावर बोट ठेवून त्याचा तपशील वाचायची सवय लावून घ्यावी. नुसता रंग बघून निघणारा हमखास फसतो.

गोव्यात एवढ्याशा जागेत दोन विमानतळ आहेत. दक्षिणेला दाबोळी, म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा तळ आणि त्यातच प्रवासी विमानतळ. उत्तरेला मोपाचा मनोहर विमानतळ, जिथून ५ जानेवारी २०२३ ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली. दोन्हींभोवती १२ किलोमीटरचा पट्टा काढला की लग्नाचे, प्री-वेडिंगचे आणि रिसॉर्टच्या जाहिरातीचे बरेच ठरलेले स्पॉट त्यात येतात.

दाबोळीपासून सुरू करू. बोगमाळो तर विमानतळाच्या अंगणातच आहे; तिथे ड्रोन पिशवीतून काढायचाही नाही. वेळसांवही फार जवळ. नदीपलीकडे शिरदोन आणि बांबोळीचा किनारा डोळ्यांना लांब वाटतो, कारण मध्ये जुवारीचं पात्र आहे आणि रस्त्यानं वळसा पडतो. पण सरळ रेषेत दोन्ही ८ किलोमीटरच्या आतच आहेत. अंतर रस्त्यानं मोजणं ही इथली नेहमीची चूक. दोना पावल ८ च्या रेषेला इतकं खेटून आहे की जेटीवर उभं राहायचं की मागच्या चढावर, यानंही फरक पडू शकतो. मिरामार ८ ते १२ मध्ये. पणजीचा चर्च चौक १२ च्या आसपास. दक्षिणेला माजोर्डा ८ ते १२ मध्ये, कोलवा आणि बाणावली बाहेर. हे झालं फक्त विमानतळापासूनच्या अंतराचं. नौदलाच्या आणि सरकारी जागांमुळे लाल तुकडे वेगळे असू शकतात, म्हणून वरच्या यादीवर न जाता नेमक्या जागेवर बोट ठेवून पाहावं.

मोप्याकडे चित्र उलटं आहे. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी हे किनारे लोकांना विमानतळाजवळचे वाटतात, कारण टॅक्सीवाले तसं सांगतात. प्रत्यक्षात ते १२ च्या बाहेर पडतात. आत सापडतं ते पेडणे गाव, कुंपणापासून ८ किलोमीटरच्याही आत. म्हणजे पेडण्यात घरच्या अंगणातून कौलांवर उडवणं हेदेखील एटीसीला विचारून करायचं काम आहे. आणि राज्याची हद्द इथे कामाची नाही: बांदा सिंधुदुर्गात असलं तरी मोप्याच्या पट्ट्यात येतं. "आम्ही महाराष्ट्रात उडवतो, गोव्याशी काय संबंध" हा युक्तिवाद नकाशा ऐकत नाही.

मोजणी कुंपणापासून होते, टर्मिनलच्या दारापासून नाही. हे लक्षात ठेवायचं कारण धावपट्ट्या लांब आहेत. दाबोळीची जवळपास साडेतीन किलोमीटरची आहे आणि साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. फोनवरच्या नकाशात "गोवा एअरपोर्ट" टाकून तिथून अंतर काढलं तर पूर्वेकडच्या गावांच्या बाबतीत दीड-दोन किलोमीटरची चूक सहज होते, आणि तीही चुकीच्या बाजूनं: जागा असते त्यापेक्षा लांब वाटते. डिजिटल स्कायवर पट्टे कुंपणाच्या आकाराप्रमाणे काढलेले असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. इथे नकाशाला पूर्ण गुण.

वापरायची पद्धत सोपी ठेवावी. जागेचे अक्षांश-रेखांश आदल्या दिवशी फोनमधून काढून घ्यावेत. गावाचं नाव टाकून शोधू नये, कारण गोव्यात एकाच वाड्याच्या नावाची तीन स्पेलिंगं असतात. नकाशावर ती जागा मोठी करून बघावी, पण टेकऑफच्या ठिपक्यावर थांबू नये. ड्रोन जिथवर जाणार त्या सगळ्या वाटेवरून, विशेषतः विमानतळाच्या बाजूच्या टोकावर, बोट ठेवत जावं. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. मग उडवायच्या दिवशी, निघण्याआधी पुन्हा एकदा. कारण नकाशा बदलतो, आणि काबो द रामच्या टोकावर किंवा एखाद्या चढणीखालच्या किनाऱ्यावर पोचल्यावर मोबाइलला रेंज असेलच याची हमी नाही. हे संकेतस्थळ आहे, इंटरनेट नसेल तर हातात फक्त तो स्क्रीनशॉट उरतो.

आता नकाशा जिथे हात टेकतो ती गोष्ट. गोव्याची जमीन म्हणजे सडे, म्हणजे कातळाची उंच पठारं, आणि खाली शेतं, खाजणं, समुद्र. ड्रोनच्या स्क्रीनवर दिसणारी उंची ही टेकऑफच्या जागेपासूनची असते. खाली जमीन किती खोल गेली हे ड्रोनमधल्या, हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या बॅरोमीटरला कळत नाही. सड्याच्या कडेवरून ड्रोन उडवून दरीवर किंवा समुद्रावर नेला की स्क्रीनवरचा आकडा तोच राहतो आणि खरी उंची वाढते.

वेर्ण्याचं उदाहरण घ्या. वेर्ण्याचा सडा दाबोळीपासून ८ ते १२ च्या पट्ट्यात येतो, तेव्हा छत ६० मीटरवर. सड्याच्या कडेवर उभं राहून ड्रोन ५५ मीटरवर नेला आणि पश्चिमेला खालच्या शेतांवर काढला. शेतं सड्याहून ४० मीटर खाली आहेत असं धरलं तर त्या क्षणी ड्रोन जमिनीपासून ९५ मीटरवर आहे, म्हणजे पिवळ्यात ३५ मीटर आत. चालवणाऱ्याच्या लेखी मात्र तो अजून मर्यादेच्या ५ मीटर खाली. हाच प्रकार १२ किलोमीटरच्या बाहेरच्या उंच किल्ल्यांवर आणि कड्यांवर १२० मीटरच्या बाबतीत होतो. कडा ७० मीटरचा धरला तर स्क्रीनवर ५० दिसताच छत लागलं.

उपाय नकाशात नाही, हिशोबात आहे. गूगल अर्थमध्ये टेकऑफच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची वाचावी, मग वाटेतल्या सर्वांत खोल जागेची. दोघांतला फरक परवानगीच्या उंचीतून वजा करायचा. वेर्ण्याच्या उदाहरणात ६० वजा ४०, म्हणजे स्क्रीनवर २० मीटर. २० मीटरवर माडांच्या शेंड्यांपासूनही फारसं अंतर उरत नाही, तेव्हा सरळ खाली जाऊन तिथून उडवावं, हा खरा खात्रीचा मार्ग. गणित जमलं तरी ५ मीटर राखून ठेवावेत. उपग्रहाच्या उंचीतही चूक असते आणि बॅरोमीटरही सरकतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं बदलला तर सुमारे साडेआठ मीटरचा फरक पडतो. एसी गाडीतून काढून लगेच वाळूवर ठेवलेला ड्रोन चालू करून दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्यावा, म्हणजे बॅरोमीटर स्थिरावतो.

या हिशोबानंतर आकडा ॲपच्या मॅक्स अल्टिट्यूडमध्ये टाकावा, आणि इथे दुसरा खड्डा आहे. नियमाची चर्चा फुटांत होते, ॲप बहुधा मीटरवर असतं. ४०० हा आकडा डोक्यात घेऊन कोणी तो मीटरच्या खान्यात टाकला की ड्रोनला १,३०० फुटांपर्यंत मोकळीक मिळते, आणि डीजेआय या ड्रोन कंपनीचं ॲप इशारा देऊन का होईना तो स्वीकारतं. आधी एकक बघावं, मग आकडा.

तिसरा खड्डा जास्त वाईट, कारण तो आपोआप घडतो. रिटर्न टू होम. सिग्नल तुटला, बॅटरी उतरली किंवा बटण दाबलं की ड्रोन लांब असेल तर आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि मग परत निघतो. ती उंची ८० किंवा १०० वर ठेवलेली असेल आणि आपण मिरामारला ६० च्या छताखाली असू, तर चालवणाऱ्यानं काही न करता यंत्रच पिवळ्यात शिरण्याच्या तयारीत असतं. प्रत्येक नव्या जागी ही उंची हातानं बदलावी: वाटेतल्या सर्वांत उंच माडाच्या, टॉवरच्या, इमारतीच्या वर थोडी, आणि छताच्या खाली. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर ती जागा ड्रोनसाठी योग्य नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुपारनंतर खारे वारे जोर धरतात तेव्हा हे प्रकरण आणखी वाढतं. किनाऱ्यावरून आत, पूर्वेला गेलेला ड्रोन परत येताना वाऱ्याच्या तोंडावर असतो, बॅटरी अंदाजापेक्षा लवकर उतरते, आणि नको तिथे रिटर्न टू होम सुरू होतं. सकाळी मतलय, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, वाहत असताना उलटं: समुद्रावर जाताना मजेत जातो, परतताना झगडतो. जाताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं, परतताना वारा पाठीशी असावा.

८ ते १२ मध्ये ६० मीटरची मर्यादा कशाला, विमान तर किती वर असतं, असा प्रश्न हमखास येतो. ३ अंशांच्या उतरणीवर येणारं प्रवासी विमान धावपट्टीपासून १२ किलोमीटरवर साधारण ६४० मीटर, ८ वर ४३५ आणि ५ वर २७५ मीटर उंच असतं. त्या हिशोबानं ६० म्हणजे अती सावधगिरी वाटेल. पण दाबोळीचं आकाश फक्त इंडिगोचं नाही. नौदलाची आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं किनाऱ्याला धरून बरीच खालून जातात आणि त्यांना ३ अंशांची उतरण बांधील नसते. पूर्वेकडून उतरणारी विमानं कुठ्ठाळी-सांकवाळच्या बाजूनं येतात हे माहीत असून उपयोग नाही, कारण हेलिकॉप्टर कुठूनही येतं. विमानं थेट दाखवणारं फ्लाइटरडार बघून "आता विमान नाही, उडवू" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की लष्करी विमानं त्यावर दिसतीलच असं नाही. दाबोळीला कामाच्या दिवशी सकाळी नौदलाचा सराव असण्याची रीत जुनी आहे. प्रवासी विमानं नसलेली शांत सकाळ म्हणजे मोकळं आकाश नव्हे.

हेलिकॉप्टरचा आवाज आला तर एकच हालचाल: डावी काठी खाली. मोड २ मध्ये, म्हणजे रिमोटच्या काठ्यांच्या नेहमीच्या मांडणीत, तीच उंचीची काठी. कडेला पळवू नये, फोटोसाठी थांबू नये, आणि घाबरून रिटर्न टू होम तर मुळीच दाबू नये. वर सांगितलं तसं ते ड्रोनला आधी वर नेतं, म्हणजे हेलिकॉप्टरच्या दिशेनं. माणूस बसलेल्या विमानाला वाट देणं नियमानं बंधनकारक आहे, आणि अपघात झालाच तर ४८ तासांत डिजिटल स्कायवर कळवावं लागतं. नियम मोडल्याच्या दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये आहे. नौदलाच्या तळाशेजारी झालेली चौकशी त्यात धरलेली नाही.

डीजेआयच्या ॲपनं अडवलं नाही म्हणजे चालतं, हा समज अजून टिकून आहे. त्या कंपनीचा स्वतःचा नकाशा वेगळा आहे, डिजिटल स्कायचा वेगळा. "परवानगी नाही तर उड्डाण नाही" ही यंत्रणा नियमांत लिहिलेली आहे, पण हातातला ड्रोन त्यामुळे आपोआप थांबेल असं धरून चालू नये. दुसरा समज २४९ ग्रॅमचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि विमा लागत नाही, हे खरं. रंग मात्र त्यालाही तेच. आणि काही मिनी मॉडेलांत जास्त वेळ चालणारी प्लस बॅटरी टाकली की वजन २५० च्या वर जातं, मग तो मायक्रो गटात येतो. अशा ड्रोननं पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलं तर प्रमाणपत्र आणि विमा दोन्ही लागू.

नकाशावर नसलेल्या गोष्टींचं एक वेगळं प्रकरण आहे. राज्य सरकार किंवा पोलिस, अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत, एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतात. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, मोठ्या व्यक्तींचे दौरे असतात. जिल्हाधिकाऱ्यांचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे आदेश तर वेगळ्याच वाटेनं येतात. जुन्या गोव्याच्या चर्चसारख्या संरक्षित वास्तूंवर पुरातत्त्व खात्याचं म्हणणं वेगळं. हिरवा दिसला म्हणून हे सगळं मिटत नाही. त्या भागातल्या पोलिस ठाण्याला आदल्या दिवशी एक फोन, हा नकाशाइतकाच आवश्यक भाग समजावा.

पिवळ्यात खरोखर उडवायचंच असेल तर कोणाला विचारायचं हे गोव्यात दोन्हीकडे वेगळं आहे. दाबोळीची एटीसी नौदलाकडे, मोप्याची एअरपोर्ट्स अथॉरिटीकडे. अर्जात अक्षांश-रेखांश, त्रिज्या, जमिनीपासूनची कमाल उंची, वेळेची चौकट आणि ड्रोनचा युनिक आयडी नेमका द्यावा. "मिरामार बीच, संध्याकाळी" असा अर्ज कोणीच मंजूर करत नाही. उंची मागताना वरचं सड्याचं गणित करूनच मागावी, नाहीतर ८० ची परवानगी हातात आणि ड्रोन १२० वर. लग्नाची तारीख ठरली त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नौदलाकडून उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा तो शॉट जमिनीवरून, कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलनं घेतलेला बरा.

गुण द्यायचे तर आडव्या हद्दींसाठी पाचपैकी साडेचार. कुंपणापासूनची मोजणी आणि फुकट उपलब्धता यांमुळे. उंचीसाठी दीड. जमिनीचा चढउतार धरून "इथून स्क्रीनवर एवढेच मीटर" असं सांगणारी सोय या नकाशात आली तर वेर्णे, पेडणे आणि दोना पावलच्या लोकांना गूगल अर्थ उघडायची गरज उरणार नाही.